भरतीला पूल, ओहोटीला चिखल

मला परीक्षणं लिहायची खोड आहे. हॉटेलं, दातांचे दवाखाने, मिक्सर, सॉल्ट लेकमधल्या आमच्या ब्लॉकची बाग, जिथे जिथे इंटरनेट तारे मागतं तिथे मी तारे देते आणि खाली चार ओळी लिहिते. कुणी मागितलेल्या नसतात. या समाजसेवेबद्दल मला कुठलीशी वरची पातळी बहाल झाली आहे. नवरा म्हणतो, ती पातळी दाखवून सियालदहला प्लॅटफॉर्म तिकीट तरी फुकट मिळतं का ते एकदा विचारून ये.

अशी मी, एका नव्याने नटवलेल्या आलिशान बोटीवर जाऊन आले आणि इंटरनेटवर तिच्याबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. त्याचं कारण एक बाई आहेत, आणि त्या मला बोटीवरच भेटल्या.

नवरा त्या सुमारास निवृत्त झाला. सरकारी बँकेत त्याची जवळजवळ सगळी नोकरी दक्षता विभागात गेली, म्हणजे दुसऱ्यांनी कुठे खोटं लिहिलंय ते शोधण्यात. त्यामुळे स्वतः खोटं बोलण्याचा त्याला सराव नाही. शेजारणीने नवा सोफा कसा वाटला असं विचारलं तरी तो सांगतो. निरोपाला ऑफिसच्या लोकांनी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ देण्याऐवजी दोघांसाठी गंगेवरच्या बोटीची सहल दिली. कोलकात्याहून निघायचं, नदीने वर वर जायचं, देवळं आणि जुने राजवाडे बघायचे आणि रविवारी परत यायचं. बोट फार जुनी. एकेकाळी तिच्यातून ताग वाहून नेत, मग ती बरीच वर्षं गंजत पडली होती, आणि आता तिचा माहितीपत्रकाच्या भाषेत ‘राजेशाही पुनर्जन्म’ झाला होता.

धक्क्यावर शंख वाजला. आमच्या गळ्यात झेंडूचे हार पडले, कपाळावर गंध आलं, हातात छत्री खोचलेलं शहाळ्याचं पाणी आलं. कडक इस्त्रीचा कोट घातलेल्या तरुण मॅनेजरने यादीत आमचं आडनाव वाचलं आणि दोन्ही हात पसरून तो म्हणाला, “वेलकम टू कोलकाता!”

आम्हाला कोलकात्यात येऊन एक तप झालं होतं. सकाळी मी घरच्या नळाला पाणी कमी येतं म्हणून प्लंबरशी बंगालीत भांडून आले होते. पण आम्ही महाराष्ट्रातले पाहुणे असं एकदा त्याच्या मनाने घेतल्यावर त्याने आम्हाला ‘नोमोश्कार’ म्हणायला शिकवलं. आम्ही म्हटलं. नवऱ्याने स्वच्छ बंगालीत विचारलं की खोली कुठे आहे. मॅनेजर इंग्रजीत म्हणाला, “सर, तुमचे उच्चार फारच छान आहेत!”

खोलीला खोली म्हणायचं नव्हतं, सुइट म्हणायचं होतं. तिथे पितळी दिवे होते, नक्षीदार आरसा होता, पेन ड्राइव्हवर चालणारा ग्रामोफोन होता. रंग इतका ताजा होता की खिडक्या चौकटीला चिकटून बसल्या होत्या. गंगेवरची हवा खायला आलेल्या आम्हाला ऑइलपेंटची हवा मिळाली. पण खरा पुनर्जन्म बाथरूमचा झाला होता. तिच्या भिंती काचेच्या होत्या. आरपार काच, पडदा नाही, पलंगावरून थेट दर्शन. नवरा बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिला.

“अगं, हे कुणासाठी आहे?”

“नवीन लग्न झालेल्यांसाठी असेल.”

“त्यांना तरी कशाला?” असं म्हणून त्याने पलंगावरची रेशमी चादर काढली आणि काचेवर टांगली. आमच्या सुइटची तेवढीच एक दुरुस्ती आम्हाला उपयोगी पडली.

दुपार झाली तरी बोट हलेना. वरच्या डेकवर चहा चालू होता. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, हा ‘हार्बर एक्स्पीरियन्स’ आहे. शेजारच्या वेताच्या खुर्चीतून आवाज आला, “काही नाही, बोट उंच झालीय.”

सत्तरी ओलांडलेली एक किडकिडीत बाई. पांढरी, हिरव्या काठांची सुती साडी आणि पायात धावायचे बूट. कोलकात्यातच बालीगंजला राहणाऱ्या, एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्याच आलेल्या. त्यांनी सरळ कप्तानाला गाठून उलटतपासणी घेतली होती. आपण बसलोय तो डेक या दुरुस्तीत नव्याने चढवलाय, त्यामुळे भरतीच्या वेळी पाणी वर आलं की बोट पुलाखालून जात नाही. ओहोटी लागायची वाट बघायची.

“आणि ओहोटीला पुढे पाणी उथळ नसतं का हो, मासीमा?” मी विचारलं. मासीमा म्हणजे मावशी. वयाने मोठ्या बाईला इथे तसंच म्हणतात.

“तेच मी विचारलं,” त्या म्हणाल्या. “तर कप्तान म्हणाला, तो विचार चालू आहे.”

रात्री जेवणाआधी कंदिलाच्या उजेडात इतिहासाचं व्याख्यान झालं. गाइडने नवाबांपासून सुरुवात केली आणि मग आवाज खाली आणून बर्गींवर आला. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठ्यांचे घोडेस्वार. अठराव्या शतकात त्यांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या, गावंच्या गावं लुटली, आणि अजूनही इथल्या आया पोरांना झोपवताना त्यांचीच भीती घालतात. गाइडने जाळपोळीचं वर्णन मन लावून केलं, मग आमच्याकडे हात करून म्हणाला, “आणि आज आपल्यामध्ये महाराष्ट्रातले दोन पाहुणेही आहेत!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला ते त्यांनाही कळलं नसावं.

मासीमा चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाल्या, “तर ते तुम्ही!”

नवरा ओशाळून म्हणाला, “आम्ही बँकेतले आहोत, मासीमा.”

“वसुलीच ना?” मासीमा म्हणाल्या. “फक्त घोडे गेले.”

आमची मैत्री तिथे झाली.

दुसऱ्या दिवशी ओहोटी बघून बोट निघाली. पुलाखालून जाताना वरच्या डेकवरच्या सगळ्यांना खाली बसवलं. कोट घातलेले, सिल्कच्या साड्या नेसलेले लोक फरशीवर मांडी घालून बसले, आणि डोक्यावरून पुलाचं लोखंड सरकत गेलं. सावलीसाठी लावलेल्या एका छत्रीचा खांब घासून वाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बोटीवर टाळ्या फार स्वस्त होत्या.

याच दिवशी मॅनेजरला कुठून तरी कळलं की मी परीक्षणं लिहिते. तेव्हापासून माझं आयुष्य बदललं. खोलीत फळांची ताटली आली, त्यात पपईचे पाच तारे कापलेले. जेवणानंतर पुडिंगवर सॉसने काढलेले पाच तारे आले. संध्याकाळी टॉवेलचा हंस करून ठेवतात तसा आमच्या पलंगावर टॉवेलचा तारा होता. त्याचं एक टोक लोंबत होतं, म्हणून नवऱ्याने त्याला साडेचार म्हटलं.

जेवण पाहण्यासारखं होतं, एवढंच म्हणता येईल. मोठ्या पांढऱ्या ताटाच्या मध्यभागी माशाचा एक तुकडा, त्यावर फेस, बाजूला एक पान. मासीमांनी तो फेस चमच्याने बाजूला केला आणि वाढप्याला विचारलं, “बाबा, हा मासा आजारी होता का?” आमच्यासाठी खास ‘मराठा थाळी’ केली होती. तिच्यातला वडापाव काट्या-सुरीने खायचा होता.

त्याच संध्याकाळी आम्ही रुतलो.

धक्का वगैरे बसला नाही. इंजिनाचा आवाज बदलला, टेबलावरच्या पेल्यांतलं पाणी एका बाजूला कललं, आणि नदीकाठची झाडं मागे जायची थांबली. थोड्या वेळाने मॅनेजरने माइक हातात घेतला. “लेडीज अँड जेंटलमेन, आता आपण अनुभवणार आहोत ‘स्टिल रिव्हर एक्स्पीरियन्स’.” समोर एका गिरणगावाचा घाट होता. पायऱ्यांवर बायका कपडे धूत होत्या. त्यांनी धुणं थांबवलं आणि आमच्याकडे बघत बसल्या. फुकटचा अनुभव त्यांना मिळत होता.

भरती आल्यावर बोट उठली, पण तोवर इंजिनाने चिखल गिळला होता. ओढून न्यायला दुसरी बोट बोलावली होती आणि ती कधी येईल याबद्दल मॅनेजरकडे सुंदर वाक्यं सोडून काहीच नव्हतं. सकाळी उठलो तेव्हा ओहोटीने आम्हाला पुन्हा गाळावर नेऊन ठेवलं होतं. जमीन एवढी कललेली की नवऱ्याची चप्पल आपोआप दाराशी जाऊन थांबली होती. एसी बंद. खिडक्या तर रंगानेच बंद.

आम्ही डेकवर आलो तर मासीमा बॅग भरून कठड्याशी उभ्या होत्या. एक भुटभुटी, म्हणजे इंजिन लावलेली साधी नाव, माणसं आणि सायकली घेऊन पलीकडे चालली होती. मासीमांनी तिला हाक मारली. त्या आवाजात आयुष्यभर शाळेची पटांगणं गप्प झाली असणार. नाव मुकाट्याने वळली.

मॅनेजर धावत आला. “मॅडम, प्लीज! असं मध्येच उतरता येत नाही. सेफ्टीचा प्रश्न आहे.”

“तुझी बोट अडकली आहे,” मासीमा म्हणाल्या. “मी नाही अडकले.”

“पण रविवारपर्यंतचं तुमचं पॅकेज आहे!”

“ते तुला भेट.” मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “काय रे बर्गी लोकहो, येताय?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. जो माणूस रेल्वेत स्वतःच्या सीटशिवाय दुसरीकडे टेकत नाही, तो अर्ध्यातून पॅकेज सोडेल असं मला वाटत नव्हतं. पण त्याने फक्त विचारलं, “इथून स्टेशन किती लांब?”

“टोटोने दहा मिनिटं,” मासीमा म्हणाल्या.

तो खाली जाऊन बॅगा घेऊन आला. काचेवरची चादरही त्याने नीट घडी करून पलंगावर ठेवली होती.

शिडी चिखलात संपत होती. खलाशांनी फळी टाकली आणि आम्ही एकेक करून भुटभुटीत उतरलो, बॅगा एका सायकलच्या कॅरियरवर ठेवल्या. वर कठड्याला टेकून सिल्क आणि कोट आमच्याकडे बघत होते. त्यांच्यात हेवा होता की कीव ते कळलं नाही. मॅनेजरने मात्र शेवटपर्यंत शिष्टाचार सोडला नाही. तो वरून हात हलवत ओरडला, “मॅडम, रिव्ह्यू नक्की लिहा!”

घाटावरून टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, आणि स्टेशनवरून सियालदहची लोकल. दुपारची वेळ, डबा बराचसा रिकामा. तासाभरात आम्ही सियालदहला पोहोचणार होतो. राजेशाही पुनर्जन्म झालेल्या बोटीने मुक्काम करत, पपईचे तारे खात आम्ही जेवढे दूर गेलो होतो, तेवढ्या अंतराला इथे लोक रोज कामावर येतात-जातात. नवऱ्याने झालमुरी, म्हणजे इथली तिखट भेळ घेतली, विक्रेत्याला मोहरीचं तेल जास्त घाल म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मी फोन काढला आणि लिहायला घेतलं. एक तारा. तोही बाथरूमच्या चादरीचा.

मासीमा माझ्या खांद्यावरून बघत होत्या. “हे काय करतेस?”

“परीक्षण.”

“पुसून टाक.”

मला वाटलं गंमत करताहेत. पण त्यांनी माझा हात धरला होता. मग त्यांनी सांगितलं. बोटीचं तिकीट मुलाने काढून दिलं होतं. एकुलता एक, कॅनडात असतो. त्याने म्हणे आठवडाभर बसून सगळी परीक्षणं वाचली, सगळ्या बोटींची तुलना केली आणि ही निवडली. रोज सकाळी, म्हणजे त्याच्या रात्री, तो फोन करतो आणि आई, आज काय पाहिलंस, असं विचारतो. “परवा मी त्याला डेक दाखवला तर किती खूश झाला,” मासीमा म्हणाल्या. “लहानपणी शाळेत बक्षीस मिळालं की असा आवाज यायचा त्याचा. आता मी त्याला सांगू की तू मला चिखलात पाठवलंस?”

“पण मग रविवारपर्यंत काय करणार?” मी विचारलं.

“बोटीवर आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “बालीगंजच्या घरात, दारं लावून, बोटीवर आहे.”

नवऱ्याने झालमुरीचा कागदी ठोंगा खाली ठेवला. “मासीमा, हे बरोबर नाही.”

“तू दक्षता विभागात होतास ना? मग दक्ष राहा. आणि गप्प राहा.” मग मला म्हणाल्या, “तुला लिहिल्याशिवाय चैन पडणार नसेल तर तुमच्या भाषेत लिही. आणि इंटरनेटवर नाही, छापून. छापलेलं कोण वाचतं?”

मी पुसून टाकलं.

सियालदहला गाडी बदलून आम्ही त्यांना बालीगंजला घरी पोहोचवलं. त्यांनी डाळ-भात आणि खसखस घातलेले बटाटे केले. ताटात फेस नव्हता. आम्ही निघताना त्या खिडक्यांचे पडदे ओढून घेत होत्या. शेजारणीने दिवा पाहू नये म्हणून.

संध्याकाळी घरी त्यांचा फोन आला. “आवाजाचं जमेल, पण उद्या तो व्हिडिओ करणार. माझ्यामागे फ्रिज दिसतो. सकाळी तळ्यावर या. आणि साहेबांना पांढरा शर्ट घालायला सांग.”

बालीगंजपासून जवळच ढाकुरियाचं मोठं तळं आहे. झाडी, बाकं, होड्या वल्हवणाऱ्यांचे क्लब. आम्ही पोहोचलो तेव्हा मासीमा ठेवणीतली साडी नेसून, शाल पांघरून पाण्याकाठच्या कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी पाहणी करून जागा निवडली होती. मागे फक्त पाणी आणि धुकं. मी फोन धरायचा. नवरा बाजूला, जरूर पडली तर.

“मी खोटं बोलणार नाही,” नवऱ्याने आधीच बजावलं.

“तू नुसता पांढरा दिस,” मासीमा म्हणाल्या.

फोन वाजला. पडद्यावर चाळिशीचा, दमलेला, प्रेमळ चेहरा. मायलेक बंगालीत बोलू लागले. पाणी किती सुंदर दिसतंय, तो म्हणाला. थंडी आहे का? जेवण कसं आहे? मासीमा म्हणाल्या, “मासा तर असा, की मी आयुष्यात तसा खाल्ला नाही.” यात खोटं काहीच नव्हतं.

“आई, बोट अजिबात हलत नाहीये!”

“अजिबात नाही,” मासीमा म्हणाल्या. “फार स्थिर बोट आहे.”

एवढ्यात मागून “चा, गोरम चा!” करत चहावाला आला. मासीमा पापणीही न हलवता म्हणाल्या, “रूम सर्व्हिस.” मग पलीकडच्या वळणावर हास्यक्लबवाले हात वर करून हसायला लागले. हो हो, हा हा. मुलगा म्हणाला, हे कोण? “सहप्रवासी,” मासीमा म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून असेच हसताहेत.” आणि मग जे व्हायचं ते झालं. एक फेरफटका मारणारे गृहस्थ थबकले. “अरे दीदी, तुम्ही तर बोटीवर जाणार होता ना?”

हास्यक्लबचा गडगडाट चालू होता म्हणून बरं; मी फोन झटकन फिरवला. तो नेमका नवऱ्यावर थांबला. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, घाबरलेला चेहरा.

“कोण, कप्तान?” मुलाने विचारलं.

“नाही,” नवरा म्हणाला. दक्षता विभाग जागा झाला होता. मी डोळे मिटले. “मी प्रवासी आहे. तुमच्या आईंची ओळख बोटीवर झाली.”

“अंकल, एक विचारू? खरं सांगा. ती सगळं छानच सांगते. आई तिथे मजेत आहे ना?”

मासीमांनी त्या गृहस्थांना कोपराला धरून केव्हाच झाडामागे नेलं होतं. तिथून त्यांचा दबलेला, संतापलेला आवाज आणि त्या माणसाचं “बरं, बरं” ऐकू येत होतं.

“त्या बोटीवर तुमच्या आईंइतकं मजेत कुणीच नव्हतं,” नवरा म्हणाला. “हे मी शपथेवर सांगतो.”

पडद्यावरच्या माणसाने चष्मा काढला आणि डोळे पुसले. मासीमा परत आल्या तेव्हा तो म्हणाला, “आई, मी ठरवलं. येत्या डिसेंबरला मी येतो. आपण दोघं याच बोटीने जाऊ. मोठी ट्रिप घेऊ.”

फोन बंद झाल्यावर मासीमा बाकावर बसल्या. मी म्हटलं, “आता काय हो करायचं? पुन्हा तीच बोट!”

“चार वर्षांनी येतोय तो,” मासीमा म्हणाल्या. “त्या बोटीवर काय, तिच्या नांगरावर बसून जाईन.” आणि चहावाल्याला त्यांनी बोलावून घेतलं.

मुलगा खरंच आला. डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत. पण बोट तेव्हा परत दुरुस्तीला गेली होती. या वेळी म्हणे आणखी आलिशान होणार होती. मुलगा कंपनीवर असा भडकला की विचारू नका. आम्ही बालीगंजला जेवायला गेलो तर तो व्हरांड्यात येरझारा घालत फोनवर कुणाला तरी सुनावत होता. त्याच्या आईला ती बोट किती आवडली होती, तिथलं जेवण, तिथली शांतता, किती आशेने ती वर्षभर वाट बघत होती. मी तुमच्याबद्दल सगळीकडे लिहीन, असंही तो म्हणाला.

स्वयंपाकघरात मासीमा पुऱ्या तळत होत्या. मी पीठ लाटत होते. व्हरांड्यातला आवाज चढत चालला होता. नवरा दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मासीमा, आता तरी सांगा त्याला.”

मासीमांनी झाऱ्याने पुरी दाबली. ती टम्म फुगली.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “किती वर्षांनी कुणीतरी माझ्यासाठी भांडतंय.”